सही नसलेला कागद

यंदाच्या अंकाचं सूत्र ‘आवाज’ ठरलं आणि संपादकांनी माझ्याकडे एक प्रश्न सोपवला : पगारावर काम करणारा माणूस आपल्या ऑफिसविषयी खरं कुठे बोलतो? घरी जेवताना बोलतो, लोकलच्या डब्यात बोलतो, हे आपण रोज ऐकतो. पण ज्यांनी ते ऐकून काही करायचं, त्यांच्या कानावर तो ते कसं घालतो? या प्रश्नामागे पुण्यात आणि मुंबईत हिंडले, माणसांना भेटले, जुनी प्रकरणं नव्याने वाचली. बहुतेक वाटा सही नसलेल्या कागदापाशी पोचत होत्या. कधी तो ईमेल असतो, कधी टाइप केलेलं पत्र, कधी टोपणनावाने इंटरनेटवर केलेलं लेखन.

अशा कागदाविषयी आपल्याकडे सरसकट तुच्छता आहे. ‘हिंमत असेल तर नाव टाक’ असं म्हटलं की विषय संपतो. पण लोकांशी बोलल्यावर माझं मत पक्कं झालं, की निनावी पत्र ही लिहिणाऱ्याच्या भित्रेपणाची खूण मानणं चूक आहे. ते पत्र ज्या संस्थेतून निघतं, तिथली हवा कशी आहे हे त्यावरून कळतं. म्हणून ते कुणी लिहिलं हे शोधण्याआधी त्यात लिहिलेलं खरं आहे का, हे तपासलं पाहिजे.

हिंजवडी, दुपारी चार

राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या फेज वनमध्ये दुपारी चारला टपऱ्यांवर गर्दी होते. चहा घ्यायला आलेली मुलं-मुली आधी गळ्यातलं आयकार्ड शर्टाच्या खिशात सारतात. सवयच ती. दोरीच्या रंगावरून कंपनी ओळखता येते आणि शेजारी कोण उभं आहे ते माहीत नसतं. मी विषय काढला की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, “मॅडम, नाव छापणार नाही ना?”

चौदा वर्षं या क्षेत्रात असलेला एक प्रोजेक्ट लीड बोलायला तयार झाला, तोही ऑफिसपासून लांब, वाकडच्या एका हॉटेलात. त्याच्या टीमला रोज बारा-बारा तास काम होतं, पण टाइमशीटमध्ये साडेआठच भरायचे असं तोंडी सांगितलं गेलं होतं. ते कुठे लिहून दिलेलं नव्हतं. त्याने कंपनीच्या एथिक्स विभागाला पत्र लिहायचं ठरवलं. तीन पानं लिहिली आणि खाली सही केली नाही.

“का नाही केली?” मी विचारलं.

“मॅडम, मला इथून बाहेर पडायचं झालं तर रिलीव्हिंग लेटर यांच्याच हातून घ्यायचंय. एक्सपीरियन्स लेटर यांचंच. पुढची कंपनी बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन करणार, ते यांच्याच एचआरकडे. नव्वद दिवसांच्या नोटीसमध्ये हे मला काय काय करू शकतात ते मी बघितलंय. घराचा हप्ता आहे, मुलीची फी आहे.”

या भीतीचा आकार समजून घ्यायला हवा. कुणी मारहाण करत नाही, कुणी दमही देत नाही. फक्त पुढच्या अप्रेझलमध्ये रेटिंग एक पायरी उतरतं. प्रोजेक्टवरून काढून बेंचवर, म्हणजे कामाविना, बसवतात. काही आठवड्यांनी सुधारणा योजना हातात येते, ज्याला सगळे पीआयपी म्हणतात. प्रत्येक पावलाला कागदोपत्री कारण असतं आणि त्यातल्या एकाही कारणात त्या पत्राचा उल्लेख नसतो. सूड घेतला हे सिद्ध करणं त्यामुळे जवळजवळ अशक्य होऊन बसतं.

तो लीड पत्र लिहिताना काय काय टाळत होता, तेही त्याने सांगितलं. ऑफिसचा लॅपटॉप वापरायचा नाही. ऑफिसच्या वायफायवर असताना ईमेल उघडायचा नाही. स्क्रीनशॉट काढायचा नाही, कारण काही कंपन्यांत पडद्यावर कर्मचाऱ्याचा क्रमांक फिक्या अक्षरांत उमटलेला असतो. कुठली फाइल कुणी कधी उघडली याची नोंद राहते, म्हणून जी फाइल फक्त दोघा-तिघांनीच पाहिली आहे तिचा उल्लेख करायचा नाही. शेवटी त्याने आपली नेहमीची इंग्रजी वाक्यरचनाही बदलली, कारण त्याचा मॅनेजर त्याचे ईमेल रोज वाचतो.

यात एक पेच दडलेला आहे. पत्र खरं वाटायला तपशील हवा आणि स्वतःला वाचवायला तपशील गाळायला हवा. जितकं नेमकं लिहाल तितके तुम्ही उघडे पडता. निनावी पत्रं मोघम असतात अशी तक्रार वरिष्ठ मंडळी करतात, तेव्हा हा पेच त्यांच्या ध्यानात येत नाही.

पत्र पोचतं तेव्हा

कंपनी कायदा, २०१३ याच्या कलम १७७ नुसार शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीला गैरप्रकारांची तक्रार करण्याची सोय ठेवावी लागते. लोकांकडून ठेवी घेणाऱ्या आणि बँकांकडून पन्नास कोटींहून अधिक कर्ज घेतलेल्या कंपन्यांनाही ते बंधन आहे. तक्रार करणाऱ्याचा छळ होऊ नये याची तजवीज हवी आणि योग्य प्रकरणात त्याला थेट ऑडिट कमिटीच्या अध्यक्षापर्यंत जाता आलं पाहिजे. सही नसलेली तक्रार घ्यायची की नाही, याबद्दल कलम काही बोलत नाही. ते प्रत्येक कंपनीच्या धोरणावर सोडलेलं आहे.

पुण्यातल्या एका निवृत्त कंपनी सेक्रेटरींनी मला हा प्रवास समजावून सांगितला. मोठ्या कंपन्या हॉटलाइन बाहेरच्या संस्थेकडे देतात. तक्रार आली की तिला क्रमांक मिळतो. लिहिणाऱ्याला एक संकेतशब्द दिला जातो आणि त्याच्या आधारे नाव न सांगता पुढची प्रश्नोत्तरं होऊ शकतात. त्यानंतर चाळणी लागते. बढती, रजा, बसायची जागा असल्या तक्रारी एचआरकडे जातात. पैसा, हिशेब, लाच, ग्राहकाची फसवणूक यांच्या तक्रारी ऑडिट कमिटीसमोर येतात, साधारण तिमाही बैठकीत.

“पत्र हातात आलं की मी तीन गोष्टी बघायचो,” ते म्हणाले. “तारीख आहे का, रक्कम आहे का, आणि कुठला कागद बघू ते सांगितलंय का. या तीन असतील तर सही नसली तरी चालायचं. सही असून या तिन्ही नसल्या, तर मात्र चौकशी कुठून सुरू करायची तेच कळायचं नाही.”

मग अडतं कुठे? पत्र भलत्या माणसाच्या हाती पडलं तर, असं ते म्हणाले. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तोच चौकशी करणाऱ्याचा वरिष्ठ असला की पहिल्या बैठकीतला पहिला प्रश्न असतो : हे कुणाचं काम असेल? तिथून पुढे शोध पत्रातल्या मजकुराचा होत नाही, माणसाचा होतो. एकाही कर्मचाऱ्याला ऑडिट कमिटीकडे जाण्यापासून रोखलं नाही, असं वाक्य वार्षिक अहवालात दरवर्षी छापलं जातं. ते छापणाऱ्यांनी कर्मचाऱ्यांना कधी विचारलं आहे का, असा प्रश्न त्या सेक्रेटरींनी स्वतःच केला.

आर्थिक फसवणुकीचा अभ्यास करणाऱ्या एसीएफई या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२४ च्या अहवालात अभ्यासलेल्या प्रकरणांपैकी ४३ टक्के प्रकरणं कुणीतरी दिलेल्या खबरीतून उघडकीला आली होती. त्या खबरींतल्या निम्म्याहून अधिक कर्मचाऱ्यांकडून आलेल्या होत्या. ऑडिटर, संगणकप्रणाली, पोलीस हे सगळे त्यांच्या मागे आहेत. घरातलं घरच्यालाच आधी कळतं.

‘बँकेला विचारा’

सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस ही हैदराबादची कंपनी. जवळपास पन्नास हजार माणसं तिथे कामाला होती. १६ डिसेंबर २००८ ला तिने संस्थापक रामलिंग राजू यांच्या कुटुंबाशी संबंधित मायटास कंपन्या विकत घेण्याचं जाहीर केलं आणि गुंतवणूकदार खवळल्यावर काही तासांत माघार घेतली. दोनच दिवसांनी, १८ डिसेंबरला, संचालक मंडळावरचे हार्वर्डचे प्राध्यापक कृष्णा पालेपू यांना एक ईमेल आला. खाली जोसेफ अब्राहम हे टोपणनाव होतं. मजकुराचा रोख असा, की कंपनीकडे दाखवली जाते तेवढी रोकड नाहीच, आणि हे बँकांकडून कुणालाही पडताळून पाहता येईल.

या पत्राचं बळ त्याच्या शेवटच्या भागात होतं. लिहिणाऱ्याने ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ असं म्हटलंच नाही. माझं ऐकू नका, बँकेला विचारा, एवढाच त्याचा आग्रह होता. नाव नसलेल्या माणसाला विश्वास मागण्याचा हक्क कमी असतो, म्हणून त्याने पुराव्याचा पत्ता दिला.

पालेपूंनी तो ईमेल दुसऱ्या एका संचालकांकडे आणि ऑडिट करणाऱ्या प्राइस वॉटरहाउसच्या भागीदारांकडे पाठवला. ऑडिटरकडून उत्तर आलं की यात तथ्य नाही, ऑडिट कमिटीपुढे सगळं मांडू. त्यासाठी २९ डिसेंबरची तारीख ठरली, मग ती १० जानेवारीवर गेली. ती बैठक व्हायच्या आधीच, ७ जानेवारी २००९ ला, राजू यांनी स्वतः पत्र लिहून गुन्हा कबूल केला. पुस्तकांत दाखवलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख आणि बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते.

पुढे ही कंपनी पुण्याच्या टेक महिंद्राकडे आली आणि २०१३ मध्ये तिच्यात विलीन झाली. हिंजवडीत मला भेटलेल्यांपैकी काही जण तेव्हा सत्यममध्ये होते. पुढचा पगार होणार की नाही याची धास्ती त्यांच्या बोलण्यात अजून जाणवते. जोसेफ अब्राहमने मात्र नाव लपवलं म्हणून कुणाचंही नुकसान झालं नाही. त्या ईमेलनंतर बँकांना एक थेट पत्र गेलं असतं, तर उत्तर काही दिवसांत हाती आलं असतं.

आरोप सिद्ध झाला नाही तर

दुसरी बाजूही तितक्याच गांभीर्याने पाहायला हवी. २० सप्टेंबर २०१९ ची तारीख असलेलं एक पत्र इन्फोसिसच्या संचालक मंडळाला गेलं. खाली सही ‘एथिकल एम्प्लॉईज’ अशी होती. नफा चांगला दिसावा म्हणून हिशेबात फेरफार करायला वरिष्ठ दबाव आणतात, असा त्यात मुख्य कार्यकारी अधिकारी आणि मुख्य वित्त अधिकारी यांच्यावर आरोप होता. ऑक्टोबरमध्ये पत्र बाहेर आलं आणि २२ ऑक्टोबरला शेअर सोळा टक्क्यांहून अधिक कोसळला. एका दिवसात कंपनीचं बाजारमूल्य सुमारे ५३,००० कोटींनी उतरलं.

त्यानंतर जे झालं ते नियमाला धरून होतं. प्रकरण ऑडिट कमिटीपुढे गेलं. ज्या दोघांवर आरोप होते त्यांना चौकशीपासून दूर ठेवलं. बाहेरचे वकील आणि हिशेबतज्ज्ञ नेमले. जानेवारी २०२० मध्ये कमिटीने जाहीर केलं की आरोपांना पुरावा मिळाला नाही. अमेरिकेच्या बाजार नियामकानेही पुढे कारवाई न करता चौकशी संपवली.

आरोप झालेल्या माणसांनी ते तीन महिने कसे काढले असतील, याचा विचार निनावी लिहिणाऱ्याने करायलाच हवा. त्यांची नावं रोज वर्तमानपत्रात होती आणि समोरच्याला नावच नव्हतं. उलटतपासणी कुणाची करायची? म्हणून मला वाटतं, सही गाळण्याची मुभा घेणाऱ्यावर एक वाढीव जबाबदारी येते. डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानावर आलेलं वेगळं लिहावं. माणसाच्या स्वभावावर, घरावर, बाईमाणसाच्या चारित्र्यावर एक शब्दही लिहू नये. आपल्या ऑफिसांतली निनावी पत्रं बदनाम झाली ती याच घाणीमुळे. खरं लिहिणाऱ्यांना तिची किंमत मोजावी लागते.

पण या प्रकरणातून एक गोष्ट निर्विवाद ठरते. निनावी तक्रारीची नीट चौकशी झाली की तिचा फायदा निर्दोष माणसालाही होतो. फाइल दाबून टाकली असती, तर संशय कायमचा चिकटून राहिला असता.

टोपणनाव टिकतं तेव्हा

प्रत्येक निनावी मजकूर घोटाळ्याविषयी नसतो. कित्येकदा माणसाला एवढंच सांगायचं असतं, की आपली कंपनी चुकीच्या दिशेने चालली आहे. याचं ठळक उदाहरण अमेरिकेत रेडमंडला घडलं. २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका कर्मचाऱ्याने ‘मिनी-मायक्रोसॉफ्ट’ या नावाखाली इंटरनेटवर लिहायला सुरुवात केली. कंपनी फार फुगली आहे, व्यवस्थापकांचे थर वाढलेत, काम करणाऱ्याला निर्णय घेता येत नाहीत, हे त्याचं मुख्य म्हणणं. त्याहून जास्त बोललं गेलं ते बेल कर्व्हविषयी. टीम कितीही चांगली असो, काही जणांना खालचं रेटिंग द्यायचंच, ही ती पद्धत. त्यामुळे शेजारी बसलेला सहकारी प्रतिस्पर्धी होतो.

पुढची वर्षं तो लिहीत राहिला. शेकडो सहकारी, तेही नाव न घालता, आपले अनुभव जोडत गेले. वरिष्ठही ते वाचत होते. मे २००६ मध्ये मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख लिसा ब्रमेल यांनी बदल जाहीर केले. रेटिंगची सक्ती सैल झाली आणि काटकसरीच्या नावाखाली २००४ मध्ये बंद केलेले लॉकर रूममधले टॉवेल परत आले. टॉवेलची गोष्ट किरकोळ वाटेल, पण ‘आमचं ऐकलं’ ही भावना अशाच बारीक गोष्टींतून रुजते. सक्ती नंतर नव्या रूपात पुन्हा आली आणि अखेर नोव्हेंबर २०१३ मध्ये ती पद्धत कंपनीने मोडीत काढली. या बदलाचं श्रेय एका माणसाला देता येणार नाही. पण ज्याविषयी बैठकीत कुणी बोलत नव्हतं ते वर्षानुवर्षं चर्चेत ठेवण्याचं काम त्या लेखनाने केलं.

आपल्याकडे याचं जुनं उदाहरण आहे. पुण्याचे गोपाळ हरी देशमुख हे कंपनी सरकारच्या नोकरीत होते. १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात त्यांनी ‘लोकहितवादी’ या नावाने पत्रं लिहिली आणि आपल्याच समाजाला खडे बोल सुनावले. ती शंभराहून अधिक पत्रं आज ‘शतपत्रे’ म्हणून आपण वाचतो. काळ आणि विषय वेगळे, पण रेडमंडच्या आणि पुण्याच्या या दोन लेखकांत एक साम्य आहे. एकाच टोपणनावाने सातत्याने लिहिलं की त्या नावाची स्वतःची पत तयार होते. वाचक मागचं लिखाण पुढच्याशी ताडून पाहतो. लेखक खोटं बोलला तर ते नाव बुडतं. एकदाच टाकलेल्या पत्राला ही कसोटी लागत नाही, टिकलेल्या टोपणनावाला लागते.

आजच्या पिढीकडे त्यासाठी मोबाइलवरची ॲप आहेत. दक्षिण कोरियात सुरू झालेलं ‘ब्लाइंड’ त्यांतलं गाजलेलं. ऑफिसच्या ईमेलवरून नोकरीची खात्री करून घ्यायची आणि नंतर नाव न दाखवता लिहायचं, अशी त्याची रीत. पण डिसेंबर २०१८ मध्ये त्याचा एक सर्व्हर कुलूप न लावता उघडा राहिला होता आणि काही वापरकर्त्यांच्या ईमेलची माहिती त्यातून दिसत होती, हे उघड झालं. यंत्राने दिलेलं अनामिकत्व यंत्राच्या एका चुकीने जाऊ शकतं. हिंजवडीतली मुलं हे जाणून आहेत. तरी लिहितात, कारण दुसरी जागा त्यांना मिळत नाही.

दप्तरी दाखल

सरकारी ऑफिसात सही नसलेल्या अर्जाचं काय होतं, ते तिथला कुठलाही कारकून सांगेल : दप्तरी दाखल. निनावी तक्रारींवर कारवाई करू नये, असं केंद्रीय दक्षता आयोगाने १९९९ मध्येच कळवलं होतं. त्यामागचं कारण अगदी चूक नाही. बढतीच्या तोंडावर प्रतिस्पर्ध्याविरुद्ध अर्ज टाकून त्याची फाइल अडकवायची, हा खेळ सरकारी नोकरीत जुना आहे.

पण मग नाव देणाऱ्याचं काय होतं? सत्येंद्र दुबे हे आयआयटी कानपूरचे अभियंते. सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामावर झारखंडमधल्या कोडरमा इथे होते. २००२ मध्ये त्यांनी तिथल्या भ्रष्टाचाराविषयी पंतप्रधानांना पत्र लिहिलं. नाव दिलं आणि ते गुप्त ठेवावं अशी विनंती केली. पत्र एका कार्यालयातून दुसऱ्यात फिरलं, त्यासोबत नावही फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्यांचा गोळ्या घालून खून झाला. न्यायालयाने तो लुटीच्या प्रयत्नात झाल्याचं मानून तिघांना शिक्षा केली. खुनाचं कारण काहीही असो, गुप्त ठेवायचं नाव सरकारला गुप्त ठेवता आलं नाही, ही गोष्ट उरतेच.

त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाच्या रेट्यामुळे २००४ मध्ये केंद्राने एक ठराव काढला. तक्रारदाराने बंद पाकिटात, पाकिटावर नाव न घालता, दक्षता आयोगाला लिहायचं. नाव आत असेल, पण ते आयोगाबाहेर जाणार नाही. पुढे त्याचा कायदा झाला. ‘व्हिसल ब्लोअर्स प्रोटेक्शन ॲक्ट’ला मे २०१४ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यातही ओळख न सांगता केलेल्या तक्रारीवर कारवाई होणार नाही, अशी तरतूद आहे. म्हणजे कायदा नाव मागतो आणि त्याबदल्यात संरक्षणाचा शब्द देतो. पण संमती मिळून दशक उलटलं तरी हा कायदा अमलात आणलेला नाही. नाव मागण्याची प्रथा मात्र रोज चालू आहे.

एकालाच ठाऊक असलेलं नाव

निनावी आणि जाहीर यांच्यामध्ये एक तिसरी वाट आहे आणि ती मुंबईतच आखली गेली. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या सेबी या शेअर बाजाराच्या नियामकाने २०१९ च्या अखेरीस इनसायडर ट्रेडिंगची खबर देणाऱ्यांसाठी वेगळे नियम केले. खबर देणारा आपल्या वकिलामार्फत, स्वतःचं नाव लपवून माहिती देऊ शकतो. त्याची ओळख वकील पडताळतो. माहिती खरी निघाली तर बक्षीस मिळू शकतं, त्याची कमाल मर्यादा आता दहा कोटी रुपये आहे. इथे नाव अस्तित्वात असतं, फक्त एका विश्वासाच्या माणसापाशी थांबतं. खोडसाळपणाला चाप बसतो आणि भीतीलाही उत्तर मिळतं.

दुसरी वाट संघटनेची. पुण्यात आयटी कर्मचाऱ्यांची ‘नाइट्स’ ही संघटना काम करते. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे बारा हजार, म्हणजे दोन टक्के, नोकऱ्या कमी करण्याचं जाहीर केलं, तेव्हा तिने केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे दाद मागितली. अशा पत्रावर सही पदाधिकाऱ्याची असते. मागचा कर्मचारी झाकलेला राहतो, पण आवाज उघडा, नाव-पत्ता असलेला असतो. निनावी पत्र दोष दाखवू शकतं, वाटाघाटीला मात्र टेबलाशी बसू शकत नाही. त्यासाठी कुणाला तरी पुढे यावंच लागतं, आणि एकट्याने पुढे येण्यापेक्षा शंभरांनी मिळून एकाला पुढे करणं सोपं असतं.

टाइमशीटचं पत्र लिहिणाऱ्या त्या लीडला मी शेवटी विचारलं, की कुठल्या परिस्थितीत तू सही केली असतीस? त्याने फारसा विचार न करता उत्तर दिलं. “आधी कुणीतरी सही केली असती आणि वर्षभराने ती व्यक्ती त्याच डेस्कवर बसलेली मला दिसली असती, तर.”

माझ्या मते यात सगळं आलं. धोरणाची पानं, हॉटलाइनचे क्रमांक, भिंतीवरची मूल्यांची पोस्टर यांपैकी कशानेही सही उमटत नाही. तक्रार केलेला माणूस नोकरीत टिकला, त्याला बढतीही मिळाली, एवढं एक उदाहरण डोळ्यांसमोर असेल तर पुढचे दहा जण नाव घालून लिहितील. म्हणून कंपन्यांनी दरवर्षी किती तक्रारी आल्या एवढंच सांगून थांबू नये. तक्रार केलेल्यांपैकी किती जण वर्षभरानंतर त्याच नोकरीत आहेत, ते मोजावं आणि छापावं. आणि सरकारने २०१४ पासून कागदावर पडून असलेला कायदा अमलात आणावा. तोवर सही मागण्याचा अधिकार दोघांनाही नाही.